पहिलवान मुलीला शब्दांचा मार

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. संध्याकाळी दवाखान्यात एक गृहस्थ आपल्या सतरा वर्षांच्या मुलीला घेऊन आले. मुलगी कबड्डी खेळणारी, अंगापिंडाने मजबूत. वडील म्हणाले, "डॉक्टरसाहेब, हिला एखादे चांगले टॉनिक द्या. जेवत नाही, रात्री झोपत नाही, सरावाला जायचे नाव काढत नाही." मी नाडी पाहिली, रक्तदाब पाहिला, डोळे, जीभ, पोट तपासले. रक्तातले लोह किंचित कमी वाटले, बाकी सारे ठीक. वडील औषधाच्या खिडकीकडे गेले तेव्हा मुलगी हळूच बोलली. एका सामन्यात रागाच्या भरात तिने समोरच्या मुलीला ढकलले होते. कोणीतरी मोबाइलवर त्याचे चित्रण केले. ते गावातल्या सगळ्या गटांवर फिरले आणि त्याखाली लोक नाही नाही ते लिहीत होते.

मी हसलो. म्हणालो, "अगं, तू खेळाडू ना? लक्ष देऊ नकोस. बोलण्याने काय अंगाला भोके पडतात?" लोहाच्या गोळ्या लिहून दिल्या आणि पुढचा रोगी आत बोलावला.

त्या रविवारी माझी भाची सुटीसाठी आली होती. ती पुण्याला जपानी भाषा शिकते. जेवताना मी नावगाव न सांगता हा प्रसंग तिला सांगितला, तोही 'हल्लीची मुले किती हळवी झाली आहेत' या थाटात. तिचा घास हातातच राहिला. ती म्हणाली, "मामा, तुम्ही हाना किमुरा हे नाव ऐकले आहे का?" मी ऐकले नव्हते. तिने जे सांगितले आणि नंतर मी जे मिळवून वाचले, ते आज वाचकांपुढे ठेवतो. हे सदर आरोग्याचे आहे आणि विषय जपानमधल्या एका तरुण कुस्तीगीर मुलीचा, म्हणून कोणाला आश्चर्य वाटेल. पण शेवटपर्यंत वाचावे अशी विनंती आहे.

पडायचे शिक्षण

जपानमधली कुस्ती म्हटली की आपल्या डोळ्यांसमोर धिप्पाड सुमो येतात. पण तिथे दुसराही एक प्रकार फार लोकप्रिय आहे. दोरांनी वेढलेल्या चौकोनी मंचावरची व्यावसायिक कुस्ती. केबल टीव्ही आपल्याकडे आला तेव्हा परदेशी पहिलवानांच्या ज्या कुस्त्या मुले डोळे फाडून पाहत, त्याच जातीची. जपानमध्ये १९५०च्या दशकात रिकिदोझान या पहिलवानाने तिला घरोघरी पोहोचवले. बायकांच्या कुस्त्याही तिथे जोरात चालतात. १९८०च्या दशकात 'क्रश गॅल्स' नावाच्या दोघींच्या जोडीने तर शाळकरी मुलींना वेड लावले होते.

या कुस्तीचा निकाल आधी ठरलेला असतो. आपल्याकडचा जाणकार 'नुरा कुस्ती' म्हणून नाक मुरडेल. पण डॉक्टर म्हणून सांगतो, निकाल ठरलेला असला तरी पडणे खरे असते. दोरावरून उडी मारली की पाठ आपटते ती खरीच पाठ असते आणि मान मुरगळते ती खरीच मान असते. म्हणून तिथे नवशिक्याला डाव शिकवण्याआधी पडायला शिकवतात. ज्यूदोमध्येही हेच करतात. या विद्येला 'उकेमी' म्हणतात. हनुवटी छातीला टेकवायची म्हणजे डोके आपटत नाही, पाठ गोल ठेवायची, आणि हात जमिनीवर आपटून धक्का सगळ्या अंगावर वाटून टाकायचा. अशा शेकडो वेळा पडण्यानंतर शरीर आपोआप सावरायला शिकते.

हाना किमुरा ही विद्या शिकलेली मुलगी होती. 'हाना' म्हणजे जपानीत फूल. तिचा जन्म ३ सप्टेंबर १९९७चा, योकोहामाचा. वडील इंडोनेशियाचे. आई क्योको किमुरा स्वतः नामांकित कुस्तीगीर, तिनेच मुलीला वाढवले. मुलीनेही आईचीच वाट धरली. 'रेसल-वन' या संस्थेच्या शाळेत शिकून ३० मार्च २०१६ रोजी, अठराव्या वर्षी, ती पहिल्यांदा मंचावर उतरली. २०१७च्या जानेवारीत आई निवृत्त झाली. त्याच वर्षीच्या जूनमध्ये मुलीने कागेत्सु या सहकारी पहिलवानाबरोबर 'स्टारडम' या महिला कुस्ती संस्थेचे जोडीचे विजेतेपद मिळवले. २०१९मध्ये ती कायमची स्टारडममध्ये आली आणि 'टोकियो सायबर स्क्वॉड' या गटाची प्रमुख झाली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये तिने स्टारडमची 'फाइव्ह स्टार ग्रां प्री' ही मोठी साखळी स्पर्धा जिंकली. ४ जानेवारी २०२० रोजी टोकियो डोम या प्रचंड सभागृहातल्या कार्यक्रमात ती लढली. तेव्हा तिचे वय होते बावीस. गुलाबी रंगवलेले केस, तोंडावर गॅसचा मुखवटा घालून होणारा प्रवेश आणि मुखवटा काढल्यावर दिसणारे मोठे हसू ही तिची ओळख होती.

काही काळ ती खलनायकी गटातूनही लढली होती. या कुस्तीत नायक असतात तसे खलनायकही असतात आणि प्रेक्षकांनी त्यांच्या नावाने ओरडायचे असते. ते त्यांच्या कामाचे बक्षीसच. आपल्याकडे निळू फुले पडद्यावर आले की बायाबापड्या बोटे मोडीत आणि प्रत्यक्षात तो माणूस किती सज्जन होता हे सगळे जाणतात. फरक एवढाच की सिनेमा संपला की बोटे मोडणे संपे. कुस्तीची घंटा वाजली की ओरडाही थांबे. बाई चूल पेटवायला घरी जाई आणि नट आपल्या घरी जाई. हानाच्या बाबतीत घंटा वाजलीच नाही.

धुलाई यंत्रातला पोशाख

'टेरेस हाउस' नावाचा एक कार्यक्रम जपानमध्ये होता. तीन मुलगे आणि तीन मुली एका सुंदर घरात एकत्र राहतात, आपापली कामे करतात आणि कॅमेरे त्यांचे राहणे टिपतात. काही लिहून दिलेले नाही, जे घडते ते खरे, असा त्याचा दावा. हाना २०१९च्या शरदात त्या घरात राहायला गेली.

एक दिवस तिचा कुस्तीचा पोशाख धुलाई यंत्रात राहून गेला. तोच पोशाख तिने टोकियो डोममध्ये घातला होता. घरातल्या एका मुलाने नकळत आपल्या कपड्यांबरोबर तोही धुऊन वाळवला आणि तो आक्रसून गेला. हाना संतापली, त्याच्यावर ओरडली आणि तिने त्याच्या डोक्यावरची टोपी उडवली. एवढाच प्रकार. ज्या घरात भावंडे आहेत त्या घरात असे महिन्यातून एकदा घडत असेल. पण आपल्या घरातले भांडण संध्याकाळच्या जेवणापर्यंत टिकते आणि कॅमेऱ्यातले भांडण पुन्हा पुन्हा दाखवता येते.

हा भाग २०२०च्या मार्चअखेर नेटफ्लिक्सवर आला. ट्विटरवर (ज्याला आता एक्स म्हणतात) शिव्यांचा पाऊस सुरू झाला. तिच्या रागावर, दिसण्यावर, रंगावर, तिच्या असण्यावरच लोक लिहू लागले. त्या पहिल्या लाटेनंतरच तिने स्वतःला इजा करून घेतली होती. वैद्यकीय भाषेत हा धोक्याचा सर्वांत मोठा कंदील. तरी मेच्या मध्यावर तोच भाग फुजी टेलिव्हिजनवर पुन्हा दाखवला गेला आणि दुसरी लाट आली.

दिवस कोणते होते तेही लक्षात घ्या. कोरोनाची साथ होती. टोकियोत आणीबाणी जाहीर झाली होती. कुस्तीचे सामने बंद, कार्यक्रमाचे चित्रीकरण बंद. ज्या सभागृहात हजारो माणसे तिचे नाव घेऊन टाळ्या वाजवत, ते रिकामे. हातात उरला तो फोन आणि फोनमध्ये ती माणसे.

२३ मे २०२० रोजी हाना किमुराने आपले आयुष्य संपवले. वय २२ वर्षे. चार दिवसांनी कार्यक्रम कायमचा बंद झाल्याचे जाहीर झाले.

एक मधमाशी आणि मोहोळ

आता डॉक्टर म्हणून एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो. कोणाच्याही आत्महत्येला एकच कारण नसते. मनाची आधीची अवस्था, झोप, एकटेपणा, कामाची काळजी अशा अनेक धाग्यांचा तो पीळ असतो. तेव्हा अमक्याच्या अमक्या वाक्याने ती गेली, असे मी म्हणणार नाही आणि कोणी म्हणू नये. पण ज्या धाग्यांनी तो पीळ पडला, त्यांत शब्दांचा धागा किती जाड होता हे जपानच्या पोलिसांनी मोजून पाहिले. सुमारे २०० खात्यांवरून तिच्याविरुद्ध लिहिलेले सुमारे ३०० अपमानकारक मजकूर त्यांना आढळले.

त्या दोनशेंपैकी प्रत्येकाला वाटले असेल, मी तर एकच ओळ लिहिली. एक मधमाशी चावली तर घरगुती उपायाने भागते. मोहोळ उठले तर माणसाला दवाखान्यात आणावे लागते आणि कधी कधी आणूनही उपयोग होत नाही. प्रत्येक माशीचे विष तेवढेच असते, रोग्याच्या अंगात मात्र सगळ्यांचे मिळून जाते. औषध असो वा विष, मात्रा महत्त्वाची, हे आम्हाला पहिल्या वर्षी शिकवतात. शब्दांनाही मात्रा असते, हे मात्र कोणी शिकवत नाही.

'बोलण्याने भोके पडतात काय' हा माझा प्रश्न शास्त्राच्या दृष्टीनेही चुकीचा होता. माणसाला गटातून वगळले, झिडकारले, तर मेंदूच्या ज्या भागांत हालचाल दिसते, त्यांतले काही भाग शरीराच्या दुखण्यातही जागे होतात, असे मेंदूची चित्रे घेऊन केलेल्या प्रयोगांत दिसले आहे. म्हणजे 'तुझे बोलणे मला लागले' असे आपण म्हणतो त्यात केवळ अलंकार नाही. अपमानाने छाती धडधडते, ताणाची संप्रेरके वाढतात, भूक मरते, झोप उडते. चार रात्री झोप नाही की माणसाचे तारतम्य सुटते. लहान गोष्ट डोंगराएवढी दिसते आणि बाहेर जायची वाट दिसेनाशी होते. त्यात रात्री दोन वाजता अंधारात, एकट्याने, उशाशी ठेवलेल्या फोनवर वाचलेला शब्द सकाळी दहाला चार माणसांत ऐकलेल्या शब्दापेक्षा कितीतरी जड असतो. पूर्वी कोणी पारावर निंदा केली तर घराचे दार लावून घेता येई. आता पारच उशाशी येऊन बसला आहे.

वय हाही मुद्दा आहे. भावनेला आवर घालणारा मेंदूचा पुढचा भाग पूर्ण तयार व्हायला विशी उलटून काही वर्षे जावी लागतात. सतरा किंवा बावीस वर्षांच्या मुलामुलीला पन्नाशीतल्या माणसाने 'लक्ष देऊ नकोस' म्हणणे म्हणजे पाय मुरगळलेल्याला 'लंगडू नकोस' म्हणण्यासारखे आहे.

आणि दंड मांड्या कमावल्या म्हणजे मनही कमावले जाते, ही आपली जुनी समजूत. व्यायामाने मनाला फायदा होतो हे खरे. पण कवच होते हे खरे नाही. हानाला पाठीवर पडायला शिकवले होते. शब्दांवर पडायला तिला कोणी शिकवले नव्हते. तिथला धक्का सगळ्या अंगावर कसा वाटून टाकायचा, कोणावर टाकायचा, हे तिला ठाऊक नव्हते. आपल्याकडे तरी कोणत्या तालमीत, शाळेत, क्रीडा संकुलात ते शिकवतात? उलट खेळाडू, पोलीस, सैनिक, घरचा कर्ता मुलगा असे जे जे मजबूत दिसतात, त्यांना रडायचीच चोरी. 'तू तर वाघ आहेस' म्हणून आपण त्यांचे तोंड बंद करतो.

नऊ हजार येन

पुढे काय झाले? हानाच्या आईने माघार घेतली नाही. निनावी खात्यांमागची माणसे शोधायला तिने कायद्याचा आधार घेतला. ओसाका भागातल्या विशीतल्या एका तरुणाला मार्च २०२१मध्ये अपमानाच्या गुन्ह्याबद्दल दंड झाला. दंड किती? ९,००० येन. तेव्हाच्या दराने आपले सुमारे सहा हजार रुपये. न्यायालयाने दयाळूपणा केला असे नव्हे, कायद्यातच वरची मर्यादा तेवढी होती. तीस दिवसांहून कमी कैद किंवा १० हजार येनहून कमी दंड. कायदा लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे बहुधा चव्हाट्यावरची बाचाबाची असावी, लाखो लोक वाचतील असा फोन नसावा.

त्याच महिन्यात जपानच्या प्रसारण क्षेत्रातील नीतिविषयक संस्थेनेही आपला निष्कर्ष दिला. मानवी हक्कांचा भंग झाला असे तिने म्हटले नाही. पण पहिल्या लाटेनंतर मुलीची मनःस्थिती नाजूक असताना पुरेशी काळजी न घेता तो भाग दाखवणे नीतीच्या दृष्टीने दोषास्पद होते, असे नोंदवले.

आईने मुलीच्या नावाने संस्था काढली आणि कायदा बदलण्याची मागणी लावून धरली. जून २०२२मध्ये जपानच्या संसदेने तो बदलला. ७ जुलै २०२२पासून अशा अपमानाला एक वर्षापर्यंत कैद किंवा ३ लाख येनपर्यंत दंड होऊ शकतो आणि खटला भरण्याची मुदतही एक वर्षावरून तीन वर्षे झाली. सरकारवर आणि सत्तेवर टीका करणाऱ्यांच्या तोंडाला यामुळे कुलूप लागेल, अशी भीती त्या वेळी अनेकांनी व्यक्त केली आणि तीन वर्षांनी या कायद्याचा फेरविचार करावा अशी तरतूदही करून घेतली. ती भीती मला खोटी वाटत नाही. टीका आणि शिवी यांतली रेघ सरकारने ओढावी, यात धोका आहेच. म्हणून माझा भर कायद्यावर नाही. कायदा रुग्णवाहिकेसारखा, अपघात झाल्यावर येणार. मला बोलायचे आहे ते रस्त्यावरच्या खड्ड्याविषयी. तो खड्डा आपण आपल्या अंगठ्याने खणतो.

आपल्या अंगठ्याचे पथ्य

जपान दूर आहे म्हणून सुस्कारा टाकू नये. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने जगात दरवर्षी सात लाखांहून अधिक माणसे आत्महत्या करतात आणि १५ ते २९ या वयात मृत्यूच्या मोठ्या कारणांत तिचा क्रमांक तिसरा आहे. आपल्या देशात २०२२मध्ये १,७०,९२४ आत्महत्या नोंदल्या गेल्या. त्यांतल्या २२,७४६ महाराष्ट्रात, म्हणजे सर्व राज्यांत अधिक. या सर्वांमागे फोन आहे असे मुळीच नाही. कर्ज आहे, आजार आहे, घरचा छळ आहे, व्यसन आहे. पण तरुण मुलांच्या बाबतीत आता डॉक्टरने नाडी पाहताना फोनविषयीही विचारले पाहिजे, असे माझे ठाम मत झाले आहे.

लिहिणाऱ्यांना माझे सांगणे थोडक्यात आहे. खेळाडू वाईट खेळला तर 'वाईट खेळला' असे अवश्य लिहा, तो तुमचा हक्क आहे. पण 'तू कशाला जगतोस', 'तोंड बघ', 'जात बघ', 'बाईच्या जातीला' या वाटेला गेलात की तुम्ही टीकाकार उरत नाही, मोहोळातली एक माशी होता. जे त्या मुलीच्या वडिलांसमोर बोलायची हिंमत नाही, ते गटावर लिहू नये. आणि जो मजकूर तुम्ही लिहिलेला नाही पण पुढे पाठवला, त्याच्या विषाचा वाटा तुमचाही. 'मी फक्त पुढे ढकलले' ही सबब गावात अफवा पसरवणाऱ्यानेही सांगितलेली असते.

आईवडिलांसाठी, शिक्षकांसाठी आणि खेळ शिकवणाऱ्यांसाठी काही गोष्टी:

मूल अचानक जेवेनासे, झोपेनासे झाले, आवडता खेळ टाकून दिला, फोन वाजला की दचकू लागले, किंवा उलट फोन हातातून सोडेनासे झाले, तर 'नाटके करू नकोस' म्हणू नये. जवळ बसून विचारावे. उत्तर लगेच मिळाले नाही तर दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारावे.

फोन हिसकावून घेऊ नये. त्यात मैत्रिणीही असतात, आधारही असतो. रात्री मात्र घरातल्या सगळ्यांचेच फोन एका जागी, झोपायच्या खोलीबाहेर ठेवावेत. सगळ्यांचेच, वडिलांचाही. वाईट मजकूर मुलाने स्वतः वाचत बसू नये. घरातल्या मोठ्या भावंडाने किंवा विश्वासातल्या माणसाने तो पाहावा, पुरावा म्हणून त्याचे चित्र जपून ठेवावे आणि ते खाते बंद करावे. मजल धमकीपर्यंत किंवा अश्लीलतेपर्यंत गेली असेल तर पोलिसांच्या सायबर शाखेकडे जावे.

मुलाच्या बोलण्यात 'मी नसलो तर बरे', 'सगळ्यांची सुटका होईल' असे काही आले, तर सरळ विचारावे, 'तुला जगू नये असे वाटते का?' असे विचारल्याने नसलेला विचार डोक्यात येतो ही समजूत चुकीची आहे. बहुतेकदा विचारल्याने दडपण हलके होते. उत्तर 'हो' आले तर त्याला एकटे सोडू नये, घरातल्या धोक्याच्या वस्तू दूर कराव्यात आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. पूर्वी एकदा स्वतःला इजा केली असेल तर 'गेले ते संकट' असे म्हणून स्वस्थ बसू नये. पहिल्या वेळेनंतरचे दिवस सर्वांत जपायचे असतात. हानाच्या बाबतीत नेमके हेच कोणी जपले नाही.

पोलिसांच्या भीतीने कित्येक घरे हे लपवतात. त्यांनी लक्षात ठेवावे की २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्याने अशा व्यक्तीला गुन्हेगार न मानता तीव्र ताणाखालील व्यक्ती मानले आहे. १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या नव्या दंडसंहितेतून तर आत्महत्येच्या प्रयत्नाचे जुने कलमच गेले आहे. सरकारची 'टेलि-मानस' ही दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास विनामूल्य चालते आणि मराठीत बोलता येते. हा क्रमांक दिनदर्शिकेवर, दूधवाल्याच्या हिशेबाशेजारी लिहून ठेवा.

माझी चूक

भाचीने हानाची हकीकत सांगितली त्या रात्री मला झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्या मुलीच्या घरी निरोप पाठवला. वडील घाबरून आले, "रिपोर्टमध्ये काही निघाले का?" मी म्हणालो, "रिपोर्ट ठीक आहे. डॉक्टरचीच तपासणी अपुरी राहिली होती." मुलीला समोर बसवून मी आधी तिची माफी मागितली आणि मग तो सरळ प्रश्न विचारला. तिने काय उत्तर दिले ते इथे लिहिणार नाही. पण विचारले ते बरे झाले, एवढे सांगतो.

नंतर ती जिल्ह्याच्या ठिकाणी मानसोपचार तज्ज्ञांकडे चार वेळा जाऊन आली. फोन काही दिवस तिच्या भावाने सांभाळला. तिच्या कबड्डीच्या सरांनी संघातल्या मुलींना एकत्र बसवून सांगितले की चूक झाली होती, तिने मैदानावरच क्षमा मागितली होती आणि विषय तिथेच संपला आहे. ज्या मुलीला ढकलले होते, ती स्वतः एकदा तिला भेटायला आली. धक्का सगळ्या अंगावर वाटून टाकायचा म्हणतात तो असा. एकट्या पाठीने घेतला तर मणका मोडतो.

परवा ती पुन्हा दवाखान्यात आली. ढोपर सोलवटले होते, सरावात पडली म्हणे. मी जखम धुतली, पट्टी बांधली. दुखतेय का, विचारले. "दुखतेय," ती म्हणाली.

पूर्वीचा मी म्हणालो असतो, खेळाडूला एवढ्याने काय होते. आता मी म्हणालो, "दुखणारच. कुठे कुठे दुखतेय, सगळे सांग."